दोन पात्यांचं वल्हं

म्हसळ्याच्या मोटारथांब्यावर त्यानं पत्ता विचारला, तो नेमका तिलाच.

एकोणीसशे चौतीसचा पावसाळा नुकताच सरला होता. श्रीवर्धनच्या रस्त्यानं जाणारी सर्व्हिस मोटार इंजिनात पाणी भरून घेत उभी होती. मुनिरा अम्मासाठी घेतलेली औषधाची बाटली ओढणीत गुंडाळून बाकावर बसली होती. सोबतीला आलेली शेजारची म्हातारी केव्हाच पेंगली होती. तेवढ्यात खांद्यावर पत्र्याची पेटी घेतलेला एक तरुण समोर येऊन उभा राहिला. उंच, हडकुळा. हातांवर भाजल्याचे बारीक बारीक डाग.

"करमअली सारंगांच्या घरी जायचं हाय. कुठं उतरायचं?"

मुनिरानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं पेटीकडे पाहिलं. पेटीच्या कडीला निळी चिंधी होती, आणि ती गाठ तिच्या हातची होती. भाऊ इसाक आगबोटीवर निघाला त्या सकाळी तिनंच ती बांधली होती. इसाक तापानं गेल्याची तार महिन्यापूर्वी आली. पेटी आज येत होती.

"मी उतरेन तिथं उतरा," ती म्हणाली.

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं पेटी खाली ठेवली, इतकी हळू, की आत कुणी निजलेलं असावं.

त्याचं नाव रफिक. राजपुरीच्या खाडीकाठचा, होड्या बांधणाऱ्या सुताराचा मुलगा. इसाकबरोबर तो एकाच आगबोटीवर आगवाला होता; म्हणजे बोटीच्या तळाशी, बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा. ही आगवाल्यांची टोळी गावोगावची पोरं जमवून उभी केली होती मुनिराच्या बापानं, करमअली सारंगानं. टोळीचा हिशेब मिटवून प्रत्येकाला मोकळं केल्याशिवाय सारंगाला, म्हणजे टोळीच्या मुकादमाला, मुंबई सोडता येत नसे, म्हणून त्यानं रफिकला पेटी देऊन पुढं धाडलं होतं.

करमअलीची पंचक्रोशीत इज्जत होती ती एका नियमामुळे. भट्टीपुढची कठीण पाळी आली, की सारंगानं आपल्या माणसाला आधी उतरवायचं, मग दुसऱ्याच्या पोराला. घरचा माणूस सावलीत आणि परका आगीत, असं त्याच्या टोळीत कधी झालं नाही. म्हणून आया आपली पोरं त्याच्या हवाली करत.

घरी फिरोजानं, मुनिराच्या अम्मानं, पेटी उघडली नाही. नुसता हात फिरवला. मग विचारलं, "जायच्या आधी माझ्या पोरानं काय बघितलं रे, बाळा?"

रफिक भिंतीकडे बघत बोलू लागला. "विलायतेच्याही वर नॉर्वे म्हणून मुलूख हाय, अम्मा. साहेबलोक तिथं नुसते डोंगर बघायला जातात. समुद्र डोंगरांच्या मधनं आत शिरतो. आपल्या खाडीसारखाच, पण कडे असे सरळ उभे, की वर बघताना मान दुखते. वरनं धबधबे. पाणी हिरवं, थंडगार. इसाक कठड्याला धरून उभा होता. हसत होता. म्हणाला, हे घरी सांगायला पाहिजे."

त्या दिवशी फिरोजा दोन घास जेवली. म्हणून रफिकला पुन्हा बोलावलं. मग पुन्हा. करमअली मुंबईहून आल्यावरही बोलावणं चालूच राहिलं. तो एका कोपऱ्यात गप्प बसून ऐके आणि मध्येच उठून बाहेर जाई.

मुनिरा दाराआडून ऐकायची. आणि विचारायची. तिला लहानपणापासून सगळ्या गोष्टींचं मूळ लागायचं.

"धबधब्यांचं पाणी समुद्रात पडतं म्हणता. मग तिथला समुद्र खारट की गोड?"

"चाखला न्हाय."

"एवढ्या लांब गेलात आणि चाखला न्हाय?"

"पुढच्या खेपेला बाटली भरून आणतो तुमच्यासाठी."

"बूच घट्ट लावा. तुमच्या गोष्टी गळतात, तसं पाणी गळायला नको."

अम्मा ओढणीत हसली. पुष्कळ दिवसांनी.

पुढच्या वेळी तो उत्तर घेऊन आला: वरचं पाणी गोड, खालचं खारट. मुनिराला ते पटलं. त्यांच्या खाडीतही पावसाळ्यात तसंच होतं. मग तिनं बर्फाचं विचारलं. पाखरांचं विचारलं. तो प्रत्येक वेळी जरा थांबायचा, नखानं जमीन कोरायचा… आणि सांगायचा. एकदा म्हणाला, तिथं साहेब आणि मडम दोघंच एका अरुंद होडीत बसून त्या कड्यांच्या पायथ्याशी फिरतात. वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती.

"तुम्हाला करता येईल तसं?" दाराआडून प्रश्न आला.

"करता येईल. पण मागं एकट्यानं बसायचं, तर पुढं दुसरं कुणीतरी लागतं."

दाराआडून बांगड्या तेवढ्या वाजल्या.

वर्षानं निकाह झाला. मुनिराच्या मनात होतं तेच झालं, आणि तरीही त्या दिवशी तिच्या छातीवर धोंडा होता. पुत्रशोकात वर्षभर घरी बसलेल्या करमअलीकडे कंपनीनं पुन्हा टोळी मागितली होती. रफिक टोळीतला होताच. पण आता तो जावई होता. आपला माणूस. भट्टीपुढे आधी उतरायचा तो.

*

निकाहनंतर चौथ्या दिवशी जोडप्यानं मुलीच्या घरी जेवायला जायचं, ही रीत. त्या सकाळी रफिकनं नवी होडी पाण्यात ढकलली. आंब्याच्या लाकडाची, अरुंद, दोघांपुरती. म्हसळ्याच्या बंदरापर्यंत खाडीनं, तिथून मोटारीनं. काठावरची पोक्त माणसं वल्ह्याकडे बघून हसली.

"दोन तोंडांचं वल्हं! अरे, एक तोंड बायकोला दिलंस, तेवढं पुरे हाय!"

भरती आत चालली होती. होडी तिच्या अंगावर स्वार झाल्यासारखी सुटली. दोन्ही बाजूंना रानानं झाकलेले डोंगर थेट पाण्यात उतरत होते, त्यांच्या पायाशी तिवरांची हिरवी कड. मुनिरा पुढं बसली होती, त्याच्याकडे तोंड करून. रफिक एकदा डावीकडे पातं बुडवी, एकदा उजवीकडे. दर खेपेला वरचं पातं वर गेलं, की पाणी दांड्यावरून ओघळत खाली येई आणि तिच्या निऱ्यांवर सांडे.

"ते साहेब-मडम असेच भिजायचे?"

"थोडेफार."

"त्या थंडीत? मडम बोलत न्हाय काही?"

"मडमेला नवरा आवडत असंल."

ती हसली, तोंडावर पदर घेऊन. पण नजर वल्ह्यावरच राहिली. ज्यानं असं वल्हं एकदा जवळून पाहिलंय, तो पाणी हातापर्यंत येऊ देणार नाही. पात्याच्या मुळाशी एखादी दोरी गुंडाळेल, खाच काढेल… काहीतरी करेल. आणि रफिकसारखा सुतार तर नक्कीच करेल.

एका ठिकाणी खाडीचा एक फाटा उजवीकडे डोंगरात शिरतो. रफिकनं होडी तिकडे वळवली. "हे बघ," तो म्हणाला, "हे थोडं तसं हाय."

आत ऊन नव्हतं. दोन्ही बाजूंना काळे कातळ, पाणी गडद आणि स्थिर. रफिकनं वल्हं थांबवलं आणि वर पाहिलं. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं. मुनिरानं नवऱ्याचा चेहरा इतका निवांत पहिल्यांदाच पाहिला. पात्याला चिखल लागला होता, तो झाडायला त्यानं वल्हं होडीच्या कडेवर आपटलं.

खाट्… आणि क्षणभरानं कड्यातून… खाट्.

रफिक दचकला. "कोण हाय तिकडं?"

"कुणी न्हाय," मुनिरा हसत म्हणाली. "आपलाच आवाज. कडा परत देतो तो. कडा जेवढा लांब, तेवढा उशिरा देतो. तुम्हाला ठाऊक…"

वाक्य तिथंच राहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तिथं आगबोटीचा भोंगा वाजत असंल ना?"

"वाजायचा की."

"मग डोंगर काय करायचे?"

होडी आपोआप जरा फिरली.

"तुम्ही मला धबधबे सांगितलेत," मुनिरा हळू म्हणाली. "बर्फ सांगितलंत, पाखरं सांगितलीत. एवढा मोठा भोंगा, आणि चारी बाजूंचे डोंगर त्याला ओ देतायत… हे तुम्ही सांगितलं न्हाय. जो वर उभा होता, त्यानं आधी हेच सांगितलं असतं." ती थांबली. "तुम्ही वर न्हवताच."

तिवरांत कुठंतरी खंड्या ओरडला. कड्यानं तेही परत दिलं.

"न्हाय," रफिक म्हणाला. "मी खाली होतो. भट्टीपुढे. तिथं इंजिनाशिवाय काही ऐकू येत न्हाय. जेवणघरातला एक गोवेकर रोज संध्याकाळी येऊन सांगायचा, आज काय काय दिसलं ते."

"आणि इसाक?"

त्यानं वल्हं आडवं मांडीवर ठेवलं. "तोही खालीच."

"मग पाळी संपल्यावर वर आला असंल… एकदा तरी?"

"पाळी संपली की माणूस पडतो, मुनिरा. कोळशाच्या पोत्यासारखा."

तिनं हात पाण्यात सोडला. बोटांतून भरती वाहत होती. आता तिला विचारायचं नव्हतं, पण न विचारणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"ताप न्हवता ना त्याला?"

"न्हाय." तो वल्ह्याच्या दांड्याकडे बघून बोलत होता. "परतीला तांबडा समुद्र लागला. तिथं वरच माणसं भाजतात, खाली तर… दोन पोरं पाळीच्या आधीच चक्कर येऊन पडली. इसाकची पाळी नुकती संपली होती. तुझ्या बावानं त्याला पुन्हा उतरवला. मी म्हटलं, मी जातो. बावा म्हणाले, आधी माझं पोर." तो थांबला. "नंतर मुंबईला पेटी देताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, त्याच्या अम्माला सांग, त्यानं डोंगर बघितले. शपथ घातली."

मुनिरा रडली. आवाज न करता, पाठ ताठ ठेवून. रफिक तिला हात लावायला पुढं झाला, तशी होडी डुगडुगली आणि तो जागच्या जागी थिजला. एवढ्या अरुंद होडीत धड जवळही जाता येत नव्हतं.

मग ती म्हणाली, "अम्मासाठी चार वाक्यं पुरली असती. बाकीचं कशाला रचलंत? बर्फ, पाखरं, गोडं पाणी…"

"ते अम्मासाठी न्हवतं."

तिनं पाण्यातला हात वर काढला.

"तू विचारायचीस," रफिक म्हणाला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता तो. "माझ्याकडं सांगण्यासारखं काय होतं? कोळसा? उत्तर न्हाय म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं नसतं. गोडं-खारं पाणी मी आपल्या खाडीतच चाखून आलो होतो, पावसाचं पाणी ओसरायच्या आधी. वाटलं, तिथंही तसंच असंल…"

"तसंच असंल," ती म्हणाली. डोळे पुसले. "हलकं पाणी वर राहतं. ते तुमचं बरोबर हाय."

"मग बाकीचं माफ?"

"बाकीचं न्हाय." तिनं हात पुढं केला. "वल्हं द्या इकडं."

"तुला जमायचं न्हाय."

"तुम्हाला तरी कुठं जमतंय?"

तिनं वल्हं घेतलं. पहिल्या दोन फटक्यांत होडी गोल फिरली आणि दोघंही कमरेपर्यंत भिजली. तिसरा फटका सरळ बसला. फाट्याच्या तोंडाशी ऊन लागलं, तेव्हा ती म्हणाली, "शपथ बावानं तुम्हाला घातली, ती तुमची. मोडा, पाळा. पण मला माझ्या अम्माच्या जागी बसवू नका. दर खेपेला कुणीतरी येऊन तुम्ही काय काय बघितलंत ते मला सांगणार… हे मला नको. तुम्ही हवे."

एवढं उघड ती आजवर कधी बोलली नव्हती. रफिकनं पुढं वाकून तिचा ओला पदर, नुसतं टोक, मुठीत धरलं, आणि म्हसळ्याचं बंदर येईपर्यंत सोडलं नाही.

*

मोटार गच्च भरली होती. घाटातल्या वळणांवर कोंबड्यांची टोपली एकदा तिच्या अंगावर येई, एकदा त्याच्या. खाली दरीत पिकलेली भातखाचरं पिवळी पडली होती. एका वळणावर लांबवर समुद्राची रेघ दिसली. दोघांनीही ती पाहिली.

जेवणं झाली. करमअली तक्क्याला टेकला. वर्षभरात दाढी पांढरी झालेली. "आठवड्यात मुंबई गाठायची, रफिक. कपडे जाडे घे."

फिरोजा जावयासमोर बसली होती. "जाण्याआधी एकदा सांग रे बाळा… ते डोंगर."

रफिकनं सासऱ्याकडे पाहिलं. मग हातांकडे. मुनिरा आतल्या दाराला टेकून उभी होती. तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही.

"अम्मा," तो म्हणाला, "आम्ही दोघं तेव्हा खाली होतो."

"रफिक!" करमअली म्हणाला.

"भट्टीपुढे होतो. डोंगर आम्ही बघितलेच न्हाईत. आणि त्याला ताप आला न्हवता."

फिरोजा हलली नाही. मान वळवून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मी उतरवला त्याला," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा. दोन पोरं पडली होती. मी म्हटलं… आधी माझं पोर."

हेच वाक्य गावानं किती वेळा वाखाणलं होतं. आज त्या घरात ते कुणाला ऐकवेना.

बाहेर वाडीत रहाटाचा आवाज चालला होता, तो थांबला. फिरोजानं रफिकलाच विचारलं, "पाणी मागितलं त्यानं?"

"व्हय."

"कुणी दिलं?"

"मी. डोकं माझ्या मांडीवर होतं. दोन घोट घेतले."

"थंड होतं का रे?"

रफिकनं श्वास घेतला. एक शब्द… सोपा, गोड शब्द, आणि म्हातारीचं मन निवलं असतं.

"न्हाय, अम्मा," तो म्हणाला. "कोमट होतं."

फिरोजानं मान डोलावली. एकदा, दोनदा. मग तिनं त्याचा भाजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्या एका शब्दानं बाकीचं सगळं तिला खरं वाटलं: मांडी, दोन घोट, तिच्या पोराजवळ शेवटी कुणीतरी होतं ते.

"बावा," रफिक म्हणाला, हात तिच्या हातांतच ठेवून. "मी खाली उतरणार न्हाय आता."

"टोळीत माणूस कमी पडेल."

"पडू दे," फिरोजा म्हणाली.

असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान झाली. करमअली उठला. दाराशी थांबला, पाठमोराच. "होड्या बांधून पोट भरतं का?"

"अर्धं भरतं," रफिक म्हणाला.

"आणि उरलेलं?"

"उरलेलं आम्ही बघू," मुनिरा दारातून म्हणाली.

करमअलीनं चपला पायात सरकवल्या, पुन्हा काढल्या, आणि आत येऊन बायकोच्या शेजारी जमिनीवर बसला.

*

उन्हं कलल्यावर मुनिरा त्याला मागच्या वाडीत घेऊन गेली. घरात करमअली आणि फिरोजा वर्षभरानं एकमेकांशी बोलत होती. तिथं तिसऱ्याचं काम नव्हतं.

"आता तुला सांगायला माझ्याकडं काहीच उरलं न्हाय," रफिक म्हणाला.

"मग ऐका." ती एका जुन्या माडापाशी थांबली. चढायला खोडावर खाचा पाडलेल्या होत्या. "इसाक लहान असताना ह्याच्यावर चढला आणि उतरेचना. अम्मा खालून ओरडतेय, बावा काठी घेऊन उभे. विचारलं, का रे उतरत न्हाईस? तर म्हणाला, इथनं समुद्र दिसतो."

"दिसतो?"

"मला काय ठाऊक? मी चढले न्हाय."

रफिकनं माडाकडे पाहिलं. अंगात निकाहचा पांढरा सदरा होता. त्यानं बाह्या वर सारल्या.

"अहो, हे काय? आजच्या दिवशी?"

"तू विचारलंस ना."

"मी कुठं विचारलं?"

पण तो निम्म्यावर गेला होता. खाचेतून खाचेत पाय ठेवत, हळूहळू, जपून. ती खाली उभी राहिली, मान वर करून, हात कपाळावर. झावळ्यांशी पोचल्यावर तो थांबला. पश्चिमेकडे बघत राहिला. वाऱ्यानं सदरा फुगला. तिला राहवेना.

"दिसतो का?"

तो नीट बघत होता.

"दिसतो," तो म्हणाला. "थोडासा."